वन्सं आत गेल्या नाहीत

पहिल्या भेटीत मी त्याला परत पाठवलं.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घेण्याची खिडकी अकराला उघडते आणि एकला बंद होते. एकला चार मिनिटं कमी असताना खिडकीच्या चौकटीतून एक हात आत आला. हातात सरबताची रिकामी बाटली, आणि बाटलीत पाणी.

"ही चालणार नाही," मी म्हणाले. "नमुन्याची बाटली इथूनच न्यावी लागते. निर्जंतुक केलेली."

"धुतलीय हो. तीनदा."

"कशानं?"

"पाण्यानं."

"ज्या पाण्याबद्दल शंका आहे, त्याच पाण्यानं?"

खिडकीपलीकडे कोणीतरी मनापासून हसलं.

"हरलो," आवाज म्हणाला. "द्या तुमची बाटली."

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच तो बाहेर उभा होता. या वेळी मी हाताच्या मागचा माणूसही पाहिला. उंच, जरा वाकून बोलणारा, बोटांवर बारीक बारीक चिरा. शर्टाची उजवी बाही दुमडलेली, डावी नाही. आणि उजव्या बाहीवर, कोपराच्या वर, पांढरट कडं. मीठ. पाणी आटल्यावर राहतं ते.

"नमुना कुठला?" मी अर्जावर पेन टेकवलं.

"दुकानातल्या नळाचा."

"तक्रार काय?"

"तक्रार माझी नाही, प्रवाळांची आहे. आठ दिवस झाले, सगळी तोंड मिटून बसलीत. नवीन पाइप टाकलाय, त्यातून तांबं उतरतंय की काय ते बघायचंय."

मी पेन उचललं. "तुम्ही समुद्री मासे ठेवता?"

"ठेवतो, विकतो, आजारी पडले तर घरी जाऊन बघतो."

अर्जात यापुढचा रकाना 'संपर्क' असा होता. मी तो भरायला हवा होता. त्याऐवजी विचारलं, "घरातून बाहेर काढता का?"

"कोणाला?"

"एका माशाला. आईच्या टाकीत आहे. बोटभर लांब, निळा, शेपूट पिवळी. बाकी सगळ्यांच्या जिवावर उठलाय."

"डॅमसेल," तो म्हणाला. शाळेतल्या एखाद्या उनाड मित्राचं नाव घ्यावं तसं. "टाकीत दगड किती?"

"चार फुटांची टाकी. पस्तीस किलो."

"प्रवाळं दगडांना धरून आहेत?"

"पाच वर्षांची आहेत."

"मग एक करा. जाळी घेऊन मागे लागू नका."

"लागून झालं. तीनदा. प्रवाळाची एक फांदी मोडली, मासा मिळाला नाही."

"मिळायचाच नाही. त्याला घराचा कोपरा न् कोपरा पाठ असतो, तुमच्या जाळीला नसतो." त्यानं खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवलं. "मी येतो. आठवडाभर लागेल. रोज संध्याकाळी अर्धा तास."

"एका माशाला आठवडा?"

"ओळख व्हायला वेळ लागतो, मॅडम."

मागे रांगेतले आजोबा खाकरले. मी 'संपर्क'चा रकाना भरला.

*

माझी आई चौतीस वर्षं इस्पितळात होती, त्यातली शेवटची नऊ वर्षं मेट्रन. निवृत्तीनंतर बिछाने मोजायला उरले नाहीत म्हणून तिनं टाकी घेतली. टाकी हा तिचा वॉर्ड. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती टाकीसमोरच्या खुर्चीतच बसलेली असते. पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, पिशवीवर ओला टॉवेल.

त्या निळ्या माशाचं नाव तिनंच ठेवलेलं. वन्सं.

मासा आत्यानं दिला होता, निवृत्तीची भेट म्हणून. आई नवीन सून असताना तिनं आणि आत्यानं अकरा वर्षं एका घरात काढली. तेव्हा आत्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायची आणि आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. आता दोघी फोनवर तास तास बोलतात, एकमेकींची औषधं पाठ आहेत त्यांना. पण मासा घरात येऊन तीन दिवस झाले, त्यानं टाकीतला सगळ्यात मोठा दगड बळकावला, आणि आई म्हणाली, "वन्संच या. चाल ओळखली मी."

तेव्हापासून घरात रोज असं ऐकू यायचं : "वन्सं जेवल्या का?" "वन्संचं डोकं फिरलंय आज." फोन चालू आहे का, हे बघून मगच मी हसायची.

हे सगळं गमतीत चाललं होतं, सूनबाई येईपर्यंत.

सूनबाई म्हणजे नवी मासोळी. पुढून दुधासारखी पांढरी, शेपटीकडे निखाऱ्यासारखी होत गेलेली, आणि पाठीवर एक लांब नाजूक काडी. ती काडी ती सारखी उभी करायची, आडवी करायची. हात हलवून नमस्कार केल्यासारखी. पहिल्या दिवशी तिनं दगडाखालचं एक भोक निवडलं. दुसऱ्या दिवशी वन्संनी तिला तिथून हुसकलं. पंधरा दिवस ती वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या मागे, काचेला चिकटून होती. वाहत आलं तर खायची, नाहीतर नाही. पोट आत गेलं होतं. काडी हलायची थांबली होती.

"मी काढले ते दिवस पुरे झाले," आई म्हणाली. "माझ्या घरात दुसऱ्या कुठल्या सुनेनं कोपऱ्यात उभं राहून जेवायचं नाही. ठके, काहीतरी कर."

म्हणून मी त्या खिडकीत, कामाच्या वेळेत, अर्ज बाजूला ठेवून विचारलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. तेव्हा तरी नव्हतं.

*

तो संध्याकाळी बरोबर साडेसहाला आला. तीन जिने चढून, काखेत पारदर्शक डबा.

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डॉक्टर, हात धुतलेत?"

"धुतले, काकू."

"कशानं?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "नुसत्या पाण्यानं. साबण माशांना बाधतो."

"पास," आई म्हणाली. आणि तो आमच्या घरात कायमचा डॉक्टर झाला.

डबा साधा होता. एका बाजूला वर सरकणारं दार, दाराला पारदर्शक दोरा. दोरा हातात धरला की दार उघडं, सोडला की खाली. टाकीत डबा ठेवायचा, खाणं फक्त डब्यात टाकायचं, आणि वाट बघायची. अर्धा तास झाला की दोरा वरच्या खिळ्याला बांधून ठेवायचा. दार दिवसरात्र उघडंच.

"नियम एकच," तो म्हणाला. "पूर्ण आत गेल्याशिवाय दोरा सोडायचा नाही. शेपूट दारात असताना सोडलात तर त्या निसटतील, आणि जन्मात पुन्हा डब्याकडे फिरकणार नाहीत. एकच संधी."

"आणि ही?" मी पंपाच्या मागे बोट केलं.

तो वाकून बराच वेळ सूनबाईकडे बघत राहिला. "हिला दहा-बारा दिवस आहेत फार तर. आणि एक. ही जात घाबरली की उडी मारते. टाकीच्या बाहेर." टाकीवर बारीक जाळीचं झाकण होतं. दोऱ्यामुळे त्याचा एक कोपरा दोन बोटं उचलला जात होता. त्यानं आजूबाजूला बघितलं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा एक चिमटा काढला आणि तो कोपरा दाबून बंद केला. "खाणं टाकताना चिमटा काढायचा, टाकलं की लगेच लावायचा. हे काम तुमचं."

मी वही आणली. दिवस, वेळ, तापमान, खारटपणा, निरीक्षण, कारण. रकाने आखलेले होते.

"हे काय?"

"नोंद."

"माशाची?"

"प्रयोगाची. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, वर खरं ते लिहायचं, कारण लिहायचं, सही, तारीख. चूक पुसायची नाही, दिसली पाहिजे."

"कडक कायदा आहे."

"नऊ वर्षांत माझ्या वहीत एकही रेघ नाही."

त्यानं आदरानं मान हलवली. पण डोळे हसत होते.

पहिल्या दिवशी बाकीचे सगळे मासे डब्यात जाऊन जेवून आले. वन्सं दगडावरून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याला तीन फेऱ्या घातल्या, दोऱ्याचा चावा घेतला, मग डॉक्टरच्या बोटाचा.

"लागलं?" मी विचारलं.

"सवय आहे. दुष्ट नाहीयेत त्या. जागा कमी पडते, म्हणून भांडतात. माझ्याकडे सहा फुटांची टाकी आहे, त्यात यांच्या डबल आकाराच्या बायका आहेत. तिथे आपोआप सुतासारख्या सरळ होतील."

टाकीसमोर जमिनीवर बसावं लागायचं. शेजारी शेजारी, कारण दोन्ही बाजूंनी माणसं दिसली की मासा बिचकतो. हलायचं नाही. बोलायचं ते हळू.

"हलू नका," तो कुजबुजला. "त्या तुमच्याकडे बघतायत."

"मला वाटतं तुमच्याकडे."

"मी यांच्या रोजच्या पाहण्यातला. माझ्यात नवीन काय दिसणार?"

"बाहीवर मिठाचं कडं आहे."

त्यानं बाहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे कधी पाहिलंत?"

"पहिल्या... दुसऱ्या दिवशी. खिडकीत." मी टाकीकडे बघत राहिले. "पाणी आटलं की काय उरतं, ते बघणं कामच आहे माझं."

त्यानंतर रोज त्याचा शर्ट वेगळा असायचा आणि कडं तेच.

तिसऱ्या दिवशी वन्सं अर्ध्या आत गेल्या, घास घेऊन मागे फिरल्या.

"ठके, चहा टाक गं," आई खुर्चीतून म्हणाली.

शेजारून अगदी बारीक आवाजात, "ठकी?"

"तुम्ही ऐकलं नाहीत."

"काय ऐकलं नाही?"

"जे ऐकलंत ते."

"बरं. नाही ऐकलं." थोड्या वेळानं, टाकीकडेच बघत : "चहात साखर एकच चमचा... ठकी."

मी दीड चमचा घातली. शिक्षा म्हणून. त्यानं कप रिकामा करून दुसरा मागितला.

*

चौथा दिवस.

सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी वन्सं दारापाशी आल्या. थांबल्या. आणि मग, घर आपलंच आहे अशा थाटात, आत गेल्या. डोकं, पोट, शेपूट. सगळ्या. मागच्या भिंतीला तोंड लावून जेवायला बसल्या.

दोरा त्याच्या बोटाला होता.

मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन... त्याचं बोट हललं नाही. पाच. सहा. तो डब्याकडे बघतच नव्हता. काचेतल्या माझ्या प्रतिबिंबाकडे बघत होता. सात. वन्संनी तोंड पुसल्यासारखं केलं आणि बाहेर आल्या.

"अरेरे," तो म्हणाला. "शेपूट बाहेर होतं."

मी दहा लाख थेंबांतला एक वाईट थेंब शोधणारी बाई. नखाएवढं पिवळं शेपूट कुठे होतं ते मला दिसलं होतं.

"हो ना," मी म्हणाले. "थोडंसं."

रात्रीपर्यंत नोंद राखून ठेवायची नाही हा माझा नियम. तिथल्या तिथे लिहायचं. मी वही उघडली. वेळ : ६.४१. तापमान : पंचवीस अंश. निरीक्षण : वन्सं आत गेल्या नाहीत.

नऊ वर्षांतली पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र छान आलं होतं.

पाचव्या दिवशी त्यानं दोरा माझ्या हातात दिला. "आज तुम्ही धरा. नशीब बदलून बघू."

६.३८. वन्सं आत. सरळ, न थांबता, शेपटीसकट. दोरा माझ्या तर्जनीला होता, इतका हलका की असून नसल्यासारखा. बोट सरळ करायचं, इतकंच. सोडलं की काम झालं. काम झालं की उद्या साडेसहाला जिन्यावर पावलं वाजणार नाहीत, जमिनीवर शेजारी कोणी नाही. साखर कितीही घाला.

बोट वाकलेलंच राहिलं. नऊ सेकंद.

"शेपूट..." मी म्हणाले.

"बाहेर होतं," तो अतिशय गंभीरपणे म्हणाला. "स्पष्ट दिसलं मला."

मागे आईला ठसका लागला. बराच वेळ लागला.

निरीक्षण : वन्सं आत गेल्या नाहीत.

*

सहाव्या दिवशी सकाळी सूनबाईचा रंग उतरला होता. निखारा विझून राख व्हावी तसा. मी पंपाशेजारी खाणं सोडलं, ते तिच्या तोंडासमोरून वाहून गेलं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

दिवसभर प्रयोगशाळेत मी तीच नळी दोनदा धुतली. दोन संध्याकाळी. माझ्या करमणुकीसाठी त्या जिवानं दोन संध्याकाळी उपाशी काढल्या होत्या. आज काहीही झालं तरी दोरा सोडायचा, असं मी ठरवलं. नंतर कळलं, त्यानंही तेच ठरवलं होतं. म्हणूनच तो त्या दिवशी हसत नव्हता.

साडेसहाला मी चिमटा काढला, झाकण उचललं, त्यानं डब्यात खाणं सोडलं. मी झाकण ठेवलं.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. दोरा त्यानं खिळ्यावरून काढून माझ्या बोटाला अडकवला. "आज काम होईल बहुतेक. ते झालं की... म्हणजे टाकीचं काही नाही... संध्याकाळी तुम्ही साधारण काय करता?"

मी काय करते? सहा दिवसांपूर्वी मी संध्याकाळी काय करायचे, ते मला आठवेना. मी उत्तर शोधत होते. चिमटा माझ्या दुसऱ्या हातात होता.

पाण्यात वन्संनी वळून एकदा कोपऱ्याकडे धाव घेतली.

टप्!

काहीतरी पांढरं-लाल झाकणाच्या फटीतून उडालं, दिव्याच्या उजेडात चमकलं आणि आईच्या गुडघ्यावर पडलं. ओल्या टॉवेलवर. एकदा उलटलं, दोनदा उलटलं.

मी आणि तो, दोघंही नुसते बघत राहिलो.

"मग!" आई कडाडली. आवाज अख्ख्या वॉर्डला उठवणारा. "टाकीतल्या पाण्याचा मग! उभे काय राहिलात पुतळ्यासारखे!"

तिनं स्वतःचे हात टॉवेलवर ओले केले, ओल्या तळव्यावर सूनबाईला अलगद घेतलं, वर दुसरा ओला तळवा धरला. त्यानं मग भरून समोर केला. आईनं तळवा पाण्याखाली नेऊन उघडला. सूनबाई आडवी तरंगली. एक सेकंद. दोन. तीन... मग कल्ला हलला. पुन्हा हलला. ती सरळ झाली.

आईनं मग स्वतःच्या हातात घेतला, घड्याळाकडे बघून श्वास मोजले, आणि मग आमच्याकडे पाहिलं.

"आता मला नीट सांगा. वन्सं परवाच आत गेल्या होत्या. कालही गेल्या होत्या. ऑपरेशन गुडघ्याचं झालंय माझं, डोळ्यांचं नाही."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो मान खाली घालून उभा.

"तुमचं जे काय चाललंय ते चालू द्या," आई म्हणाली. "मला आवडतंय. पण पेशंटच्या जिवावर नाही. ठके, दोरा!"

मी वळून पाहिलं. एवढ्या गोंधळातही दोरा माझ्या बोटाला तसाच होता, आणि प्रतिस्पर्धी नाहीशी झालेली बघून वन्सं निवांत डब्यात शिरल्या होत्या. पूर्ण.

मी बोट सरळ केलं. टक्.

अख्खा आठवडा ज्याची वाट पाहिली तो आवाज एवढाच होता.

त्यानं डबा उचलला, वन्संना बादलीत घेतलं, सूनबाईला स्वतःच्या हातानं टाकीत सोडलं, झाकण लावलं. माझ्या हातातला चिमटा मागून घेतला आणि नीट दाबून बसवला. सगळं अगदी हळू.

"या आता, वन्सं," आई बादलीला म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "मोठ्या घरी चाललात. राग नाही हो माझा."

मी चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. "चूक माझी आहे, काकू. जीव माझ्या भरवशावर होता."

जिन्यावर पावलं उतरत गेली. मी मोजली. त्रेपन्न पायऱ्या, एकदाही न थांबता.

*

सातव्या दिवशी सूनबाई पंपाच्या मागून पुढे आली. आठव्या दिवशी तिनं पहिलंच भोक पुन्हा निवडलं. नवव्या दिवशी तिनं सगळ्यांच्या मधोमध येऊन खाल्लं, आणि पाठीवरची काडी उभी केली. आडवी केली. उभी केली.

आईनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच आत्याला फोन लावला. "वन्सं, तुमचा मासा मी मोठ्या टाकीत दिला हो. इथे त्याला जागा पुरत नव्हती."

पलीकडून आत्याचा आवाज मलाही ऐकू आला. "वहिनी, त्याला तुम्ही काय म्हणता ते माहीत आहे मला. तुमचा फोन कधीच नीट बंद होत नाही." आणि मग दोघी इतक्या हसल्या की आईला डोळे पुसायला ओला टॉवेलच घ्यावा लागला.

घरात सगळे आनंदात होते. फक्त साडेसहा वाजले की जमीन फार रिकामी वाटायची. फोन आला नाही. मीही केला नाही. काय म्हणून करणार?

दहाव्या दिवशी त्याच्या नळाच्या पाण्याचा अहवाल तयार झाला. तांबं होतं, आणि चांगलंच जास्त होतं.

"अहवाल पोस्टानं जातात," मी आईला सांगितलं.

"असं? आणि पेशंट डिस्चार्ज झाल्यावर चौकशीला कोण जातं? पोस्टमन?" आई टाकीवरून नजर न हलवता म्हणाली. "जाताना ती वही घेऊन जा. रेघा मारायच्या राहिल्यात त्यात."

*

दुकान लांबट होतं, दोन्ही भिंतींना निळा उजेड आणि पाण्याची अखंड बुडबुड. तो उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत घालून उभा होता. मला बघून तसाच राहिला. बाहीतून पाणी गळत होतं.

"सूनबाई?" हा पहिला शब्द.

"जेवते. दगडाखाली घर केलंय. काडी हलवते."

त्यानं डोळे मिटले, उघडले. "मी रोज फोन हातात घेत होतो. पण काय तोंडानं विचारणार होतो..."

"आणि वन्सं?"

त्यानं मोठ्या टाकीकडे बोट केलं. तळहाताएवढ्या माशांच्या घोळक्यात, एका शिंपल्याच्या दारात, वन्सं अदबीनं उभ्या होत्या. "दोन दिवस कोणाकडे मान वर करून बघितलं नाही. कालपासून शिंपल्याचा ताबा घेतलाय. एवढंच पुरतं त्यांना."

मी अहवाल दिला. "तांबं आहे. पाइप बदला."

"बरं."

"आणि हे." मी वही काउंटरवर उघडली. चौथ्या आणि पाचव्या दिवसाच्या नोंदींवर दोन सरळ रेघा होत्या. मी पट्टीनं मारल्या होत्या. वर लिहिलं होतं : वन्सं पूर्ण आत गेल्या. दोरा सोडला नाही. "कारणाचा रकाना रिकामा आहे. चौथ्या दिवशी दोरा तुमच्या हातात होता. तुम्ही भरायचं."

त्यानं हात कोरडा केला. पेन घेतलं. कागदावर त्याच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला. त्यानं लिहिलं : सोडला असता तर काम संपलं असतं.

मी वाचलं. "अपुरं आहे. काम संपलं असतं तर काय? परत पाठवावं लागेल."

"पुन्हा परत?" तो म्हणाला. कोपऱ्यातून हसू यायला लागलं होतं. "पहिल्या दिवशी बाटली, आज हे."

"नियम आहे."

त्यानं वही स्वतःकडे ओढली आणि पुढे, सावकाश, एकेक अक्षर काढून लिहिलं : आणि उद्या संध्याकाळी ठकी दिसली नसती. सही केली. तारीख घातली. पेन माझ्यापुढे धरलं.

"पाचव्या दिवशी दोरा तुझ्या हातात होता," तो म्हणाला. मला 'तू' म्हणाला. पहिल्यांदाच, आणि जणू नेहमीचंच असल्यासारखं.

निळ्या उजेडात पाणी बुडबुडत होतं. त्याची बाही माझ्या मनगटाला लागत होती. ओली, गार, आणि वाळल्यावर तिथेही मिठाचं कडं उमटणार, हे मला माहीत होतं.

मी कारणाच्या रकान्यात लिहिलं : वरीलप्रमाणे.

त्यानं वाकून वाचलं. "वरीलप्रमाणे? म्हणजे तुलासुद्धा ठकी दिसली नसती?"

मी वही बंद केली. आठवडाभर त्या टाकीच्या काचेत माझ्याच तोंडावर जे हसू मी बघत होते, ते आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"खाडाखोड चालत नाही," मी म्हणाले. "साडेसहा वाजतायत. चल, आई चहाला थांबलीय. साखर एकच चमचा... बघू."